कृपा, कर्मे आणि तारणाची खात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारणाविषयी विचारणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना मुद्दा समजून घ्यायचा असतो: बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांत पौल एक म्हणतो, याकोब दुसरंच म्हणतो, मग खरं काय? काहींचा प्रश्न वरवर तोच असतो, पण पोटात भीती असते: माझं काय होणार? उत्तरं दोघांसाठी आहेत, पण लिहिताना डोळ्यांसमोर जास्त करून दुसरे होते. मी प्रॉटेस्टंट परंपरेतला आहे. इतर मंडळ्यांचं मत जिथे वेगळं आहे तिथे ते त्यांनाही पटेल अशा शब्दांत मांडायचा प्रयत्न केला आहे.

तारण म्हणजे नेमकी कशापासून सुटका?

पापाच्या दोषापासून, पापाच्या सत्तेपासून आणि शेवटी पापाच्या अस्तित्वापासूनच. नवा करार तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांस २:८ मध्ये तारण झालेलं आहे, १ करिंथ १:१८ मध्ये ते होत आहे, आणि रोमकरांस ५:९ मध्ये ते पुढे होणार आहे. हे लक्षात ठेवलं तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. कारण बऱ्याचदा एक जण झालेल्या गोष्टीबद्दल बोलत असतो आणि दुसरा अजून व्हायच्या गोष्टीबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा वचन नाकारतो आहे.

कृपा म्हणजे काय? देवाने केलेली मदत का?

मदत हा शब्द अपुरा पडतो. मदत घेणाऱ्याने आपला वाटा उचललेला असतो. रोमकरांस ५ मध्ये पौल म्हणतो की आपण पापी असतानाच, किंबहुना देवाचे शत्रू असतानाच, ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. लायकी तर नव्हतीच, इच्छाही नव्हती. तेव्हा देवाने स्वतःहून जे केलं, ती कृपा.

लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ यहूदी) आणि जकातदार (लोक पापी समजत तो करवसुली करणारा) यांचा दाखला सावकाश वाचून पाहा. परूशी फुशारकी मारतो एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण त्याची प्रार्थना सुरू होते ती देवाचे आभार मानून. आपला चांगुलपणा देवाने दिला हे त्याला मान्य आहे. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो, आणि यातलं काही खोटं आहे असं येशू कुठेही म्हणत नाही. चूक इतकीच की देवापुढे उभं राहताना त्याचा आधार हा हिशेब आहे. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायचीही त्याला हिंमत होत नाही, तो ऊर बडवतो आणि एकच वाक्य बोलतो. येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला.

घरी गेला तेव्हा त्याने अजून कुणाचाही पैसा परत केलेला नव्हता, हेही बघा. लगेच पुढच्याच अध्यायात जक्कय हा दुसरा जकातदार भेटतो. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि मग तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो. ही दोन माणसं इतकी जवळजवळ आहेत की कर्मांची जागा कुठली, हे समजायला मला तरी दुसरं काही लागत नाही.

तारण कृपेने मिळत असेल तर सत्कृत्यं कशाला?

इफिसकरांस २:८-९ (तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही) पाठ असलेले पुष्कळ जण भेटतात, पण दहावं वचन क्वचितच कुणी म्हणतं. त्यात पौल सांगतो की आपल्याला ख्रिस्तामध्ये निर्माण केलं ते सत्कृत्यांसाठीच, आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. कर्मांनी तारण मिळत नाही. तारण झालेला माणूस कर्मांशिवाय राहत नाही.

मत्तय २५ मधल्या न्यायाच्या प्रसंगात उजवीकडची माणसं चकित होतात: प्रभू, आम्ही तुला भुकेला पाहून कधी खायला दिलं? त्यांना आठवतच नाही. भुकेल्याला जेवू घालताना त्यांनी ते कुठे मांडून ठेवलेलं नव्हतं.

पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध बोलतात ना?

रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ शेजारी ठेवली तर तसं वाटतं खरं. एक म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. दुसरा म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो. दोघेही उदाहरण देतात अब्राहामाचंच, आणि दोघेही उत्पत्ती १५:६ हेच वचन पुढे करतात. इथे मनात चरचरतं, आणि ते साहजिक आहे.

पण दोघे कुणाशी बोलत आहेत ते बघा. पौलासमोर परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना सुंता करायला लावणारे लोक आहेत: आधी नियमशास्त्राच्या दारातून या, मग देवाच्या लोकांत जागा मिळेल. म्हणून पौल काळाकडे बोट दाखवतो. अब्राहाम नीतिमान गणला गेला तो १५व्या अध्यायात, आणि सुंतेची आज्ञा आली ती १७व्या अध्यायात, तो नव्याण्णव वर्षांचा असताना. म्हणजे आधी स्वीकार, मग खूण.

याकोबासमोर अगदी वेगळी माणसं आहेत. अंगावर धड वस्त्र नसलेल्या, त्या दिवसाच्या अन्नालाही महाग असलेल्या भावाला ती म्हणतात, 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव', आणि देत काहीच नाहीत. तरीही आमचा विश्वास आहे, असं ती म्हणतात. याकोब त्यांना सुनावतो की देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती थरथर कापतात. मग तो उत्पत्तीच्या २२व्या अध्यायाकडे जातो, जिथे अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला निघतो. पंधराव्या अध्यायात ठेवलेला विश्वास खरा होता, हे कित्येक वर्षांनी त्या डोंगरावर दिसलं.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यालाही याकोबाचं पत्र जड गेलं. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं आणि भाषांतरात ते मागे टाकलं. पण त्याच भाषांतरात रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे आणि चांगलं केल्याशिवाय तिला राहवतच नाही. याकोबाला हे वाचून आनंदच झाला असता. गलतीकरांस ५:६ मध्ये तर पौलच म्हणतो की खरा विश्वास प्रीतीच्या द्वारे कार्य करतो.

कॅथलिक मंडळी कर्मांनी तारण मिळतं असं शिकवते का?

नाही. प्रॉटेस्टंट व्यासपीठावरून हे इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे की स्पष्ट लिहायला हवं. माणूस स्वतःच्या बळावर देवाला पसंत पडू शकतो, या पेलाजियस नावाच्या शिक्षकाच्या शिकवणीला बिशप ऑगस्टीनने कडाडून विरोध केला. ४१८ च्या कार्थेज परिषदेने ती नाकारली. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असं ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने ठरवलं. १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने नीतिमान ठरण्याविषयी जो ठराव केला, त्याचा पहिलाच नियम असा की ख्रिस्ताच्या द्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय माणूस आपल्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो, असं म्हणणारा मंडळीबाहेर.

खरा मतभेद पुढे आहे. प्रॉटेस्टंट शिकवण सांगते की देव ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपलं म्हणून गणतो आणि आपल्याला नीतिमान घोषित करतो. आतलं परिवर्तन त्याच वेळी सुरू होतं, पण आधार ती घोषणा. कॅथलिक शिकवणीत नीतिमान ठरण्यातच आतलं नवीकरण येतं, कृपेने केलेल्या सत्कृत्यांनी त्यात वाढ होते, गंभीर पापाने ती स्थिती गमावते आणि पापनिवेदनाच्या संस्कारात परत मिळते. खास प्रकटीकरण नसताना आपल्या अंतिम तारणाची निःसंशय खात्री बाळगणं ट्रेंटला मान्य नव्हतं.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्यातल्या कोणत्याही गुणामुळे नाही, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी एकत्र म्हटलं. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटलेले नाहीत. पण चारशे-साडेचारशे वर्षं एकमेकांच्या शिकवणीचा धिक्कार केल्यानंतर एवढं झालं, ही लहान गोष्ट नाही.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या हा सगळा प्रश्नच न्यायालयाच्या भाषेत मांडत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणं, आणि त्यात कृपा व माणसाचा होकार बरोबरीने चालतात.

एकदा मिळालेलं तारण गमावता येतं का?

इथे प्रॉटेस्टंटांमध्येही एकमत नाही. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये नेदरलँड्समध्ये पाच कलमं मांडली, तेव्हा नेमका हाच प्रश्न त्यांनी अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. १६१८-१९ च्या डॉर्टच्या (नेदरलँड्समधल्या) परिषदेने उत्तर दिलं: देव ज्यांना आपलं म्हणतो त्यांना तो शेवटपर्यंत विश्वासात टिकवतो. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणायचा की खरा विश्वासणाराही पडू शकतो, पण पडलेला परतही येऊ शकतो. खरा विश्वास गमावला जाऊ शकतो, असं लुथरनही मानतात.

मला डॉर्टचं उत्तर पटतं, आणि ते योहान १०:२८-२९ मुळे. माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावणार नाही, असं येशू म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो, पित्याच्या हातातूनही नाही. जोर सगळा धरणाऱ्यावर आहे. मेंढरांची पकड किती घट्ट, याचा उल्लेखही नाही.

मात्र 'एकदा तारण, कायमचं तारण' ही घोषणा जशी वापरली जाते तशी डॉर्टची शिकवण नाही. कधीकाळी एका सभेत हात वर केला, म्हणून आता विश्वास उरला नाही तरी चालेल, असं ती परिषद म्हणत नाही. देव राखतो तो विश्वासातच राखतो.

मग इब्री ६ मधल्या इशाऱ्याचं काय?

हा उतारा वाचून रात्ररात्र जागलेली माणसं आहेत, म्हणून थोडं सविस्तर. इब्री ६:४-६ म्हणतं की ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापापर्यंत पुन्हा आणणं अशक्य आहे. हे ज्यांना लिहिलं त्यांनी पूर्वी विश्वासासाठी मालमत्तेची लूट आनंदाने सोसली होती (१०:३४). आता ते थकले होते, आणि ख्रिस्ताला सोडून मागे फिरण्याचा मोह होता.

काही म्हणतात, हे खरे विश्वासणारे आणि खरंच तारण गमावणारे. काही म्हणतात, हे मंडळीच्या सगळ्या आशीर्वादांत वावरलेले पण मूळ न धरलेले. सातव्या-आठव्या वचनातली, पाऊस पिऊनही काटेच देणारी जमीन बघा. तिसरं उत्तर मला सगळ्यात जवळचं वाटतं: इशारा हे देवाचं राखण्याचं साधन आहे.

प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये हे दिसतं. वादळात सापडलेल्या तारवावर पौल सांगतो, देवदूताने मला सांगितलं आहे, कुणाच्याही जिवाची हानी होणार नाही. वचन पक्कं. तरी खलाशी गुपचूप लहान होडी पाण्यात सोडून पळायला निघतात तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई त्या होडीचे दोर कापतात. तारवावरचे २७६ जण सुखरूप काठाला लागतात. वचन खरं होतं, इशाराही खरा होता, आणि इशारा ऐकल्यामुळेच वचन पुरं झालं.

आणि इब्रीचा लेखक सहाव्या वचनावर थांबत नाही. नवव्या वचनात तो त्याच वाचकांना 'प्रियजनहो' म्हणतो, आणि असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी चांगल्याची, तारणाच्या गोष्टींची आम्हाला खात्री आहे, असं सांगतो. हे वचन वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका.

माझ्या हातून फार मोठं पाप घडलं आहे. आता?

पेत्राने शपथा वाहून येशूला नाकारलं, तीनदा. ते घडण्याआधीच येशूने त्याला सांगितलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पडण्याआधीच परत येण्याची आणि पुढच्या कामाचीही सोय.

देवाजवळ पाप कबूल करा. ज्याचं नुकसान झालं आहे त्याचं भरून द्या. कायद्याचा प्रश्न असेल तर कायद्याला सामोरे जा. क्षमा म्हणजे परिणामांतून पळवाट नाही.

मी अक्षम्य पाप केलं असेल तर?

मार्क ३ मध्ये येशू हे बोलला ते, डोळ्यांदेखत भुतं निघताना पाहूनही 'हे बालजबूलाचं (भुतांच्या अधिपतीचं) काम' म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. त्यांना कसलीही काळजी नव्हती. ज्याला ही भीती खाते आहे आणि जो येशूकडे यायला तळमळतो आहे, त्याच्यासाठी योहान ६:३७ आहे: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही.

एवढी खात्री दिली तर माणूस मोकाट सुटणार नाही का?

हा आक्षेप पौलालाही ऐकावा लागला होता, म्हणून तर रोमकरांस ६ ची सुरुवात अशी आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? मुळीच नाही, जो पापाला मेला तो त्यात जगणार कसा? खरं तर ज्या सुवार्तेवर हा आक्षेप कधीच येत नाही, ती पुरती सांगितली जाते आहे का, हे तपासायला हवं. पण आक्षेपात तथ्यही आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये नेमक्या याच ढिलाईला 'स्वस्त कृपा' म्हटलं: शिष्यत्वाशिवाय, वधस्तंभाशिवाय स्वतःलाच वाटून घेतलेली क्षमा.

घरात बायकोला मारणारा, मजुरांचे पैसे बुडवणारा आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून 'मी तारण पावलो आहे' म्हणणारा माणूस असेल, तर मी त्याला योहान १० देणार नाही. त्याला मी योहानाचं पहिलं पत्र वाचायला देईन, आणि मत्तय ७:२१-२३. तिथे 'प्रभू, प्रभू' म्हणणारे लोक पुढे करतात ती आपल्या कामांचीच यादी: संदेश दिले, भुतं काढली, अद्भुतं केली. येशू त्यांना उत्तर देतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. ओळख होती आणि तुटली, असं तो म्हणत नाही.

मला काहीच जाणवत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

वेस्टमिन्स्टरच्या १६४६ च्या विश्वासप्रकटनात (इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंटांनी तयार केलेल्या विश्वासाच्या मांडणीत) १८वा अध्याय फक्त खात्रीवर आहे. त्यात म्हटलं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री यायला फार वाट पाहावी लागू शकते, अनेक अडचणींशी झगडावं लागू शकतं, आणि आलेली खात्री डळमळूही शकते. म्हणजे खात्री वेगळी, तारण वेगळं.

इंग्लिश कवी विल्यम कूपर याने लिहिलेली गीतं आजही मंडळ्यांत गायिली जातात. तोच कूपर, देवाने आपल्याला टाकून दिलं आहे या समजुतीत कित्येक वर्षं जगला आणि त्याच अंधारात १८०० मध्ये वारला. त्याचं मन आजारी होतं. तुम्हालाही झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच गेलं असेल, तर पाळकांना भेटा आणि डॉक्टरांनाही भेटा. यात विश्वासाची कमतरता नाही.

एरवी क्रम सांभाळा. आधी देवाने दिलेलं वचन, मग आतली पवित्र आत्म्याची साक्ष (रोमकरांस ८:१६), मग जीवनात झालेला बदल. पुष्कळ जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. रोज स्वतःला तपासतात, आणि रोज काहीतरी कमी सापडतं. मार्क ९ मधला बाप एकाच दमात म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्याचा मुलगा बरा झाला.

कधी तारण पावलो ती तारीख मला आठवत नाही.

वेस्लीला २४ मे १७३८ ची संध्याकाळ, पावणेनऊची वेळ आठवत होती. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य बालपणापासून पवित्र शास्त्र जाणत होता, आणि त्याचा विश्वास त्याच्या आजीत व आईत आधी होता. त्याची तारीख कुठेच दिलेली नाही. आज तुम्ही ख्रिस्तावर भरवसा ठेवता का, एवढं विचारा. तारणाची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहायची गरज नाही.

मरणाच्या दारात विश्वास ठेवला तर चालतो का?

हो. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नाही, एक सत्कृत्य करायला वेळ मिळाला नाही. आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं त्याला सांगितलं गेलं. मात्र आपली वेळ अशी कळवून येईल, या भरवशावर कुणी थांबू नये.

माझ्या घरातलं माणूस विश्वास सोडून गेलं. आम्ही काय समजायचं?

१ योहान २:१९ म्हणतं की काही जण आपल्यातून निघून गेले, कारण ते आपले नव्हतेच. हे वचन खरं आहे, पण ते कुणावर लागू होतं हे ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोन नावं लागोपाठच्या वचनांत येतात. दहाव्यात देमास, ज्याला ऐहिक सुख प्रिय वाटलं आणि तो पौलाला सोडून गेला. अकराव्यात मार्क, ज्याने एकदा पंफुल्या प्रांतात पौलाची साथ सोडली होती. त्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात कडाक्याचं भांडण होऊन दोघे वेगळे झाले होते. आता पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. पंफुल्यातून तो परत फिरला त्या दिवशी कुणी निकाल देऊन टाकला असता, तर तो चुकला असता.

म्हणून तुमच्या माणसाबद्दल 'तो गेला' किंवा 'काळजी नाही, तो सुरक्षितच आहे' यातलं काहीच ठामपणे म्हणू नका. त्याच्याशी बोलणं तोडू नका, प्रत्येक भेटीत वचनं सुनावू नका, त्याला मंडळीत कुणी दुखावलं असेल तर ते आधी ऐकून घ्या. आणि त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा.